मोतमाउलीला जाताना

वांद्र्याच्या टेकडीवरच्या बॅसिलिकेला, म्हणजे पोपकडून खास मान मिळालेल्या चर्चला, सगळी मुंबई माउंट मेरी म्हणते. कोळी आणि ईस्ट इंडियन, म्हणजे इथल्या मूळच्या कॅथलिक, घरांत मात्र ती मोतमाउली. ‘मोत’ हा ‘माउंट’चाच अपभ्रंश असावा, पण कोळी बांधव त्यात मोती बघतात, आणि दर्याच्या काठी ते जास्त शोभतं.

आधी एक ठरवा: दर्शनाला जायचंय की जत्रेला? मारियामातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरला. जत्रा त्यानंतरच्या रविवारी सुरू होते आणि पुढच्या रविवारपर्यंत चालते. ८ तारीखच रविवारी आली तर त्याच दिवशी सुरू होते. दोन्ही रविवारी गर्दीचा कळस असतो. लहान मुलं किंवा वयस्कर माणसं बरोबर असतील तर मधल्या वारी, सकाळी लवकर जा. मूर्तीसमोर शांतपणे बसायचं असेल तर जत्रेचे दिवस सोडूनच द्या.

वांद्रे स्टेशनला पश्चिमेला उतरलात की हिल रोडने चर्च अडीच किलोमीटरच्या आसपास. एरवी रिक्षा वरपर्यंत जाते. जत्रेत बरेच रस्ते वाहनांना बंद असतात. तेव्हा स्वतःची गाडी आणूच नका, बेस्टच्या जादा बसने या किंवा सरळ चालत या. दक्षिण मुंबईतून येणाऱ्यांनी हेही लक्षात ठेवावं की रिक्षा माहीमच्या बाजूला जात नाही, परतताना टॅक्सी किंवा लोकलच. सप्टेंबरात पाऊस गेलेला नसतो. दगडी पायऱ्यांवर पाणी आणि सांडलेलं मेण एकत्र आलं की गुळगुळीत तळव्याची चप्पल हमखास घसरते. पकड असलेली पादत्राणं घाला.

बाहेरच्या टपऱ्यांवर साध्या मेणबत्त्यांबरोबर मेणाचे हात, पाय, हृदय, बाळ, घर असे आकार मिळतात. गुडघा दुखतो त्याने पाय घ्यायचा, मूल हवं असेल त्याने बाळ. हे आकार पेटवायचे नसतात, मातेला अर्पण करायचे असतात. नवखी माणसं नेमकी इथे गोंधळतात. पेटवायची ती साधी मेणबत्ती, आणि तीही बाहेर, ठरवून दिलेल्या जागीच. खाली स्टेशनजवळ घेतलेली लांब मेणबत्ती उन्हात पिशवीत वाकते, म्हणून वर पोचल्यावरच घ्या. समुद्रावरून वारा सुटला की ज्योत टिकत नाही. आधीपासून जळणाऱ्या मेणबत्त्यांच्या आडोशाला, बूड थोडं वितळवून घट्ट रोवली तर उभी राहते. मागचा माणूस वाट बघत असतो, म्हणून लावली की बाजूला व्हा. प्रार्थना दोन पावलं मागे उभं राहूनही करता येते.

आत गेल्यावर वेदीवरची मूर्ती नीट पाहा. ती १६व्या शतकात जेझुइट धर्मगुरूंनी पोर्तुगालहून आणली असं परंपरा सांगते. तेव्हा इथे मातीचं साधं प्रार्थनाघर होतं. १७०० मध्ये अरबी चाच्यांनी हल्ला केला आणि हातातली सोनेरी वस्तू खरी सोन्याची समजून मूर्तीचा उजवा हातच तोडला. पुढे एका कोळ्याला स्वप्नात दिसलेली मूर्ती समुद्रात तरंगताना सापडली, अशी कथा आजही सांगतात. १७६० च्या सुमारास मंदिर पुन्हा बांधलं गेलं. तेव्हा साष्टी, म्हणजे वांद्रं ज्यावर आहे ते बेट, मराठ्यांच्या ताब्यात होती. चिमाजी अप्पांनी वसई घेतली ती १७३९ मध्ये, म्हणजे हे मंदिर पुन्हा उभं राहिलं ते मराठी राज्यात. मुंबईच्या इतिहासातली ही गोष्ट आपल्याला शाळेत सांगायला हवी होती. आजची इमारत १९०४ ची, वास्तुकार शापूरजी चांदाभॉय, एक पारशी. बॅसिलिकेचा दर्जा मिळाला १९५४ मध्ये.

वांद्रं हे साष्टी बेटाचं दक्षिण टोक. अलीकडे माहीम, मधे खाडी. १८४५ मध्ये अवाबाई जमशेटजींच्या देणगीतून माहीमचा कॉजवे, म्हणजे खाडीवरचा रस्ता, झाला, तोवर मुंबईहून येणारे भाविक बहुधा नावेने खाडी ओलांडायचे. म्हणून दर्शन झाल्यावर लगेच रिक्षा धरू नका. उतारावरून लँड्स एंडला जा, तिथे १६४० च्या कॅस्टेला द आग्वादाचे, म्हणजे पोर्तुगीज किल्ल्याचे, अवशेष आहेत. आग्वादा म्हणजे जहाजांनी गोडं पाणी भरून घ्यायची जागा. सी लिंककडे पाठ करून मागची टेकडी बघितली की चर्चची जागा कळते: खाडीच्या तोंडाशी, दर्यावरून येणाऱ्याला दिसेल अशी.

मिस्सा, म्हणजे चर्चमधली सामुदायिक उपासना, चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, फोन बंद ठेवा, मधेच वेदीकडे जाऊ नका. ज्यांनी ख्रिस्तप्रसाद घ्यायचा ते रांगेने पुढे जातात. इतरांनी जागेवरच थांबायचं, त्यात कुणाला काही वाटत नाही. खांदे झाकलेले असावेत. सणाच्या दिवसांत मराठी आणि कोकणीतही मिस्सा असते. वेळ आदल्या दिवशी तपासून जा, कारण जत्रेत वेळापत्रक वेगळं असतं.

जत्रेत काही घ्यायचंच तर कडियो-बोडियो घ्या: बेसनाच्या तळलेल्या कांड्या, वर गुळाचा पाक, आलं आणि तीळ. कांडी मोडताना कट्ट आवाज आला पाहिजे. दमट हवेत उघड्यावर राहिल्या की त्या लवकर मऊ पडतात, म्हणून आधी एक चाखून मगच पाव किलो बांधून घ्या आणि घरी पोचल्यावर लगेच घट्ट झाकणाच्या डब्यात भरा.