तुम्ही विचारलंत म्हणून: शिबिरात शिकवता काय?

एप्रिल उजाडला की आमच्या उन्हाळी विज्ञान शिबिरासाठी माझा फोन वाजायला लागतो. "मॅडम, यंदा शिबिर आहे ना?" हा पहिला प्रश्न. "सर्टिफिकेट मिळेल ना?" हा दुसरा. आणि मग आवाज जरा खाली आणून तिसरा, "पण शिकवता काय नक्की?" पहिल्या दोन्हींना हो म्हणून मोकळी होते. तिसऱ्याला आजवर थातूरमातूर उत्तरं देत आलेय. परवा एका पालकांनी ते उत्तर ऐकून सरळ म्हटलं, "म्हणजे काहीच शिकवत नाही!" त्यांचं फार चुकलं असं मला वाटलं नाही, म्हणून एकदा नीट लिहून टाकते.

मी सोलापुरातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. मे महिन्यात परीक्षा उरकलेल्या असतात, वर्ग रिकामे असतात, आवारात कुत्रीसुद्धा सावली धरून पडलेली असतात. अशा वेळी सहावी ते नववीची चाळीसेक मुलं आठ दिवस आमच्या प्रयोगशाळेत येतात. वेळ सकाळी साडेसात ते साडेबारा, कारण त्यानंतर बेचाळीस अंशांत पोरांना बाहेर सोडायला जीव धजत नाही. बी.एस्सी.ची सात-आठ मुलं 'दादा-ताई' म्हणून मदतीला असतात. फी नाश्ता आणि सामान यांपुरती. निवड परीक्षा नाही, आधी येईल त्याचं नाव आधी.

या निवड परीक्षेवरून माझं आणि न्यू जर्सीत राहणाऱ्या जाऊबाईंचं दर वर्षी एकदा वाजतं. त्यांचा मुलगा जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या अशाच उन्हाळी कार्यक्रमाला जाऊन आलाय. ज्युलियन स्टॅन्ली नावाच्या मानसशास्त्रज्ञानं १९७९ साली तो बाल्टिमोरमध्ये सुरू केला. बारा-तेरा वर्षांच्या मुलांना कॉलेज प्रवेशासाठीची सॅट परीक्षा द्यायला लावायची आणि त्यात चमकतील त्यांना उन्हाळ्यात तीन आठवडे कॉलेजात राहून शिकू द्यायचं, असा त्यांचा खाक्या. जाऊबाई म्हणतात, चाळणी लावल्याशिवाय मुलांना आपल्या तोडीची मुलं भेटत नाहीत. त्यात तथ्य आहे. माझ्याकडेही दर वर्षी एक-दोघं असे असतात की बाकीच्यांचं होईपर्यंत त्यांना जांभया येतात आणि त्यांचं काय करायचं ते मला अजून जमलेलं नाही. पण सोलापुरात मी चाळणी लावली तर खाली काय उरेल ते मला माहीत आहे: ज्यांची शिकवणी चांगली, ती मुलं. त्यांना माझी गरज नाही.

पहिल्या वर्षी मी खरोखरच शिकवलं. पडद्यावर चित्रं, प्रकाशाचे नियम, शास्त्रज्ञांची चरित्रं. चौथ्या दिवशी चाळिसातली चोवीस मुलं उरली, त्यातली काही पंख्याखाली झोपायला येत असावीत. मला वाचवलं आमच्या मामांनी. मामा म्हणजे प्रयोगशाळेतले परिचर. कुठल्या स्पेक्ट्रोमीटरचा स्क्रू अडकतो, कुठला व्होल्टमीटर खोटं बोलतो, हे माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक. ते म्हणाले, "मॅडम, पोरं कपाटाच्या काचेला नाक लावून बसलीत. उघडू का?"

उघडलं. त्या दिवशी सोडियमचा दिवा बाहेर निघाला, तो आजतागायत दर वर्षी निघतो. अंधारखोलीत मुलं दाटीवाटीनं उभी राहतात. दिवा आधी गुलाबी-लालसर पेटतो, काही मिनिटं तसाच धुमसतो. मामा दारात उभं राहून "घाई करायची नाही, तापू दे त्याला" असं बजावतात. मग पिवळा उजेड पसरतो आणि कुणीतरी ओरडतं. कारण लाल रिबीन काळी झालेली असते. निळा शर्ट काळा. शेजारच्याचे ओठ काळे. मी दर वर्षी घरून लाल-हिरवी सोलापुरी चादर नेते, तिची नक्षी त्या उजेडात पिवळट-काळी होऊन जाते. रंग गेला कुठं, यावर जे भांडण जुंपतं त्यात मी पडत नाही. दिव्यात लाल उजेड नव्हताच तर रिबीन लाल दिसणार कशी, इथपर्यंत येईतो सुमारे दीड तास लागतो. एका वर्षी मुलं तिथपर्यंत आलीच नाहीत. वेळ संपली, मुलं घरी गेली, दुसऱ्या दिवशी एक जण उत्तर घेऊन आला. ते चूक होतं, पण रात्रभर घरात त्यावरच बोलणं चालू होतं असं त्याच्या आईनं सांगितलं.

मधे एकदा कॉलेजनं शिबिर बाहेरच्या रोबोटिक्सवाल्यांना दिलं होतं. वातानुकूलित सभागृह, रंगीत टी-शर्ट. मुलांनी चाकाच्या गाड्या जोडल्या, त्या पळाल्या, पालकांनी व्हिडिओ काढले. शेवटच्या दिवशी गाड्यांचे सुटे भाग मोजून पेटीत परत गेले. फी आमच्या दहापट. पालक खूश होते हेही सांगायला हवं, नाहीतर मी खोटी ठरेन.

शिकवण्यापेक्षा मुलांच्या प्रश्नांमागं जायचं, हे काही माझ्या डोक्यातलं नाही. मी पुण्यात वाढले. नववीत जाणार होते त्या उन्हाळ्यात शाळेनं आयुकाच्या सुट्टीतल्या कार्यक्रमासाठी माझं नाव पाठवलं. आयुका म्हणजे पुणे विद्यापीठाच्या आवारातलं खगोलशास्त्राचं केंद्र, तेव्हा डॉ. जयंत नारळीकर तिथं संचालक होते. शाळकरी मुलांचा हा कार्यक्रम नव्वदच्या दशकापासून चालत आलाय. रीत साधी: सोमवार ते शुक्रवार, पाच-सहा मुलांमागे एक मार्गदर्शक, ठरलेला अभ्यासक्रम नाही. ग्रंथालय खुलं. शुक्रवारी आपण काय केलं ते लिहून द्यायचं.

चार्ल्स कोरियांनी बांधलेल्या त्या वास्तूत मधोमध एक कुंड आहे, तिथं आर्यभट, गॅलिलिओ, न्यूटन आणि आइन्स्टाइन यांचे पुतळे आहेत. मला मात्र आठवतो तो फुकोचा लंबक. पृथ्वी स्वतःभोवती फिरते हे दाखवायला फुकोनं १८५१ साली पॅरिसमध्ये असा लंबक टांगला होता. आमच्या सरांनी सांगितलं, लंबकाच्या झोक्याची दिशा ध्रुवावर चोवीस तासांत पूर्ण फिरते, पुण्यात तिला सुमारे पंचाहत्तर तास लागतात, विषुववृत्तावर ती फिरतच नाही. मी विचारलं, पृथ्वी तर सगळीकडं चोवीस तासांतच फिरते, मग पुण्याला तीन दिवस का?

सरांनी एक सूत्र लिहिलं, त्यात साइन होतं, मला साइन माहीत नव्हतं. त्यांनी ते खोडलं. मग कँटीनमधून संत्रं आणलं, त्यात काड्या खोचल्या, फिरवलं. मला कळलं नाही. त्यांनी परत फिरवलं. दुपार गेली. शेवटी संत्रं आम्ही खाल्लं. मंगळवारी सकाळी सर आले ते एक छत्री घेऊन. म्हणाले, "रात्री विचार करत होतो. हे बघ, फिरत्या छत्रीच्या टोकाशी, म्हणजे ध्रुवावर, उभा असलास तर तू स्वतःभोवती गिरकी घेतोस. काठावर, म्हणजे विषुववृत्तावर, असलास तर नुसता वाहून नेला जातोस. पुणं मधे कुठंतरी आहे, तिथं थोडी गिरकी, थोडं वाहणं." मुलगी आहे हे ते बोलण्याच्या भरात विसरले होते. निम्मं कळलं. उरलेलं निम्मं एम.एस्सी.ला कळलं.

पण माझ्या प्रश्नापायी एक मोठा माणूस रात्री घरी जाऊन विचार करत बसला होता, हे मी विसरू शकले नाही. घरात, शाळेत, शिकवणीत, कुठंच हे झालं नव्हतं. नारळीकरांची एक रीत पुण्यातल्या मुलांना माहीत असायची: सही मागायला गेलं तर ते सही देत नसत, पोस्टकार्डावर एखादा प्रश्न लिहून पाठव म्हणत, उत्तराखाली सही यायची. तीही त्याच जातकुळीतली.

तर, आम्ही शिबिरात हेच करतो, मोडकंतोडकं. मुलांच्या प्रश्नामागे वेळ घालवतो. कधी उलटंही होतं. दोन वर्षांपूर्वी संगणकाची गोष्ट सांगताना मी जुन्या संगणकांना सूचना द्यायच्या भोकं पाडलेल्या कार्डांपाशी आले. सातवीतली एक मुलगी, घरी तेलुगू बोलणारी, म्हणाली, "आमच्या बाबांकडं असतात तसली." दुसऱ्या दिवशी तिनं मागावरच्या पुठ्ठ्यांची माळ आणली. भोक असेल तिथं सुई आत जाते, दोरा उचलला जातो. नसेल तिथं नाही. जॅकार्डनं १८०४ साली फ्रान्समध्ये काढलेली ही युक्ती, आणि चादरीवरचा मोर तिच्यावरच उमटतो. माझा तास तिनंच घेतला. मला विचारलेल्या तीन प्रश्नांपैकी दोनांची उत्तरं मी तिला विचारून दिली. त्यानंतर ती आलीच नाही. गावाला लग्न होतं म्हणे.

सर्टिफिकेट आम्ही देतो. त्यावर 'आठ दिवस हजर होता' किंवा 'होती' एवढंच छापतो. पालकांना ते जरा कोरडं वाटतं.

शिबिराची तारीख मात्र मी सूर्याला विचारून ठरवते. सोलापुरात १० मेच्या आसपास शून्य सावली येते, दुपारी बारा वाजून बावीस-तेवीस मिनिटांनी सूर्य बरोबर डोक्यावर आणि उभ्या वस्तूला सावलीच नाही. पुण्यात ती तीन-चार दिवसांनी, नागपूरला मेच्या शेवटच्या आठवड्यात. ऑगस्टच्या सुरुवातीला सूर्य परतताना पुन्हा येते, पण तेव्हा ढग. म्हणून मेच. मीटरभर लांबीचा पीव्हीसी पाइप आवारात उभा करायचा आणि आठही दिवस त्याची दुपारची सावली खडूनं आखायची. ती उत्तरेकडून रोज आखडत येते.

गेल्या वर्षी १० तारखेला, शेवटच्या दिवशी, बारा वाजून वीस मिनिटांनी वळवाचा ढग आला. चाळीस मुलं पाइपाभोवती गोल करून उभी. सहावीतला एक जण म्हणाला, "मॅडम, सावली गेली की!" सगळे हसले, मीही. पावणेएकपर्यंत थांबलो, ढग हलला नाही. सर्टिफिकेटं वाटून सगळ्यांना घरी पाठवलं.

दुसऱ्या दिवशी मी कपाटं लावायला गेले होते. बाराच्या सुमारास मामांनी हाक मारली. फाटकाशी अकरा मुलं उभी होती. शिबिर संपलंय, आज नाश्ता नाही, मी म्हटलं. त्यांनी पाइप मागितला. सावली होती, जेमतेम तीन मिलिमीटर. ती आता दक्षिणेला पडली होती.