तुम्ही विचारलंत म्हणून: फोनवरचं ‘ह्युमिड’ आणि बागेतलं दव

द्राक्षबागेची गोडी छाटणी (फळासाठीची छाटणी) झाली, पोंगे (नवे कोंब) फुटले की नाशिकच्या निफाड-दिंडोरीकडून एक प्रश्न हमखास येतो: ‘फोनवर ह्युमिड दाखवतंय, आर्द्रता 90 टक्के. डाऊनीची (केवडा रोगाची) फवारणी घ्यायची का?’

आधी शब्द. ‘ह्युमिड’ हे विशेषण इंग्रजीत हवेला आणि हवामानाला लावतात. घामाने भिजलेला सदरा ‘वेट’, वाफशावरची जमीन ‘मॉइस्ट’, थंडीतली ओल आलेली भिंत ‘डॅम्प’. बोलण्यात ‘ह्युमिड’ म्हटलं की उकाडा धरलेलाच असतो: मुंबईची हवा, किंवा पहिल्या पावसाआधीची नाशिकची दुपार. फोनवरच्या टक्क्याला मात्र उकाड्याशी देणंघेणं नाही, आणि घोळ इथेच होतो.

टक्का म्हणजे त्या तापमानाला हवेत जितकी वाफ मावते, त्यातली किती आहे, एवढंच. 30 अंशांना एका घनमीटर हवेत साधारण 30 ग्रॅम वाफ मावते, 12 अंशांना जेमतेम 11 ग्रॅम. म्हणून डिसेंबरातल्या पहाटे निफाडला 12 अंश आणि 90 टक्के असेल, तर हवेत साडेनऊ-दहा ग्रॅम वाफ असते. जूनच्या दुपारी 30 अंश आणि 60 टक्के असेल, तर अठरा ग्रॅम. टक्का कमी, वाफ जवळपास दुप्पट.

बागायतदाराने टक्क्यापेक्षा दवबिंदू बघावा, म्हणजे ज्या तापमानाला हवेतल्या वाफेचं दव व्हायला लागतं ते तापमान. बऱ्याच अ‍ॅपमध्ये तो खाली कुठेतरी दिलेला असतो. 12 अंश आणि 90 टक्क्यांना तो साडेदहाच्या आसपास येतो. आभाळ निरभ्र असेल तर रात्री पान हवेपेक्षा एक-दोन अंशांनी जास्त गार होतं, म्हणजे दवबिंदूच्या खाली जातं आणि भिजतं. ढगाळ रात्री पानाची उष्णता तशी निघून जात नाही, त्यामुळे त्याच 90 टक्क्यांना पान कोरडं राहू शकतं. ढग म्हटलं की दवाची धास्ती घेणाऱ्यांनी हे नीट ध्यानात ठेवावं. पाऊस आला तर गोष्ट वेगळी.

डाऊनीला पानावर पाणी लागतंच. तिचे बीजाणू त्या पाण्यात पोहत पानाच्या छिद्रांपर्यंत जातात. 18 ते 25 अंश आणि काही तास ओलं पान हे तिचं आवडतं हवामान. 12 अंशांना तेच काम फार सावकाश चालतं. भुरी या द्राक्षावरच्या दुसऱ्या बुरशीचं उलट: तिला पानावर पाणी नको, दमट हवा आणि सावली पुरते. म्हणून ‘ह्युमिड’ या एका शब्दावर दोन्ही रोगांचा निर्णय घेऊ नये.

शिवाय फोनवरचा आकडा तुमच्या बागेतला नसतो. दाट कॅनोपीत (वेलीच्या पानांच्या पसाऱ्यात), पाणी दिल्यावर, तो वरचढच असतो. बागेत सावलीत, घडांच्या उंचीवर, दोन थर्मामीटर टांगा. एकाच्या फुग्याला मलमलीची वात गुंडाळून तिचं टोक डिस्टिल्ड पाण्यात सोडा, वारा घाला आणि ओल्याचा पारा स्थिरावला की वाचा. कोरडा 24, ओला 22 असेल तर आर्द्रता 84 टक्क्यांच्या आसपास. कोरडा 30, ओला 24 असेल तर साधारण 61. दोन्ही सारखे आले तर हवा वाफेने पूर्ण भरली, म्हणजे 100 टक्के. बोअरचं पाणी वापरलं की वातीवर क्षार चढतात, वात नीट भिजत नाही, ओला थर्मामीटर चढा दाखवतो आणि आर्द्रता आहे त्याहून जास्त निघते. उगाच एक फवारणी वाढते. वात मळली की बदला.

आणि सकाळी पान हातात घेऊन बघाच. दव किती वाजता सुकलं ते रोज वहीत लिहा. पानं ठिबकत असताना फवारणी घेऊ नका, औषध पातळ होऊन ओघळतं. फेलफूट (नको असलेल्या जादा फुटी) वेळेवर काढली, कॅनोपीत वारा खेळता ठेवला, तर तेच दव लवकर सुकतं. पोंगा ते फुलोरा या काळात डाऊनी घडावर आली तर घडच जातो, तेव्हा तोवर ही वही चुकवू नका.