कॅमशाफ्ट निवडताना मी काय पाहतो

चार सिलिंडरच्या इंजिनात बदल करायचे ठरले की कॅमशाफ्टची, म्हणजे व्हॉल्व्ह उघडणाऱ्या फिरत्या दांड्याची, निवड मी एकाच प्रश्नापासून सुरू करतो: गाडी बहुतेक वेळ किती आरपीएमवर चालणार आहे? ड्युरेशन (व्हॉल्व्ह किती अंश उघडा राहतो ते) वाढवले की इनटेक व्हॉल्व्ह (हवा आत घेणारा) उशिरा बंद होतो, त्यामुळे कमी वेगात सिलिंडरमध्ये आलेली हवा काही प्रमाणात परत ढकलली जाते आणि खालचा टॉर्क हातचा जातो. मात्र वरच्या वेगात हवेच्या स्वतःच्या गतीमुळे तोच उशीर फायद्याचा ठरतो. म्हणूनच कॉम्प्रेशन (हवा दाबली जाण्याचे प्रमाण) न वाढवता मोठा कॅम बसवणे मला चुकीचे वाटते.

दोन कॅमच्या ड्युरेशनची तुलना करताना आकडे किती लिफ्टवर, म्हणजे किती उचल झाल्यावर, मोजले आहेत, हे आधी पाहावे. ओव्हरलॅपचा (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे राहण्याचा) हिशेब सोपा आहे: दोन्हींचे ड्युरेशन २८० अंश आणि लोब सेपरेशन (त्या दोघांच्या कॅमवरील उंचवट्यांमधला कोन) १०८ अंश असेल, तर ओव्हरलॅप ६४ अंश (२८० वजा १०८ ची दुप्पट) येतो, सेपरेशन ११२ केले की तो ५६ वर उतरतो आणि आयडलिंग (गाडी उभी असताना इंजिनाचे चालणे) बरेच सुधारते. रोजच्या वापराच्या गाडीसाठी मी दुसराच पर्याय घेईन.

लिफ्ट वाढवल्यास व्हॉल्व्हच्या स्प्रिंगच्या कड्या एकमेकींना टेकत नाहीत ना, हे तपासावेच लागते. व्हॉल्व्ह पिस्टनला आपटत नाही ना, हे पाहण्यासाठी पिस्टनच्या माथ्यावर मऊ माती लावून, हेड बसवून, क्रँक हाताने दोन फेरे फिरवावा आणि उमटलेला ठसा ब्लेडने कापून तिथल्या मातीची जाडी मोजावी. इनटेकच्या बाजूला सुमारे २ मिलिमीटर आणि एक्झॉस्टच्या बाजूला २.५ मिलिमीटर जागा उरल्याशिवाय मी इंजिन सुरू करत नाही.