सोलर नोंद: ग्रिडला वीज देताना बॅटरीचं चार्जिंग का तुटतं

नेट मीटर (घेतलेली आणि ग्रिडला दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) लागल्यापासून आमच्या सिस्टीमचं एक दुखणं चालू होतं. ते आता मुळाशी जाऊन सापडलंय, म्हणून सविस्तर लिहितो. ग्रामीण भागात हायब्रिड इन्व्हर्टर (पॅनल, बॅटरी आणि ग्रिड तिन्ही सांभाळणारा) वापरणाऱ्या बऱ्याच जणांना हे लागू पडेल.

सिस्टीम अशी: वर्धा जिल्ह्यातल्या आर्वी तालुक्यातलं गाव, सिंगल फेज कनेक्शन. छतावर ५ किलोवॅटचे पॅनल, ५ किलोवॅटचा हायब्रिड इन्व्हर्टर आणि ५१.२ व्होल्ट, १०० अँपिअर-अवरची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी. मीटर समोरच्या ओट्यावर आणि इन्व्हर्टर मागे, गोठ्यालगतच्या खोलीत. मधलं अंतर वायरच्या वाटेने ६० मीटर. हे अंतर लक्षात ठेवा.

सकाळी चार्जिंग ४० अँपिअरवर सरळ रेषेत चालायचं. बॅटरी नव्वद टक्क्यांच्या वर गेली की मात्र करंट नाचायला लागायचा. रिले कट्ट वाजायचा, चार्जिंग शून्यावर यायचं, परत हळूहळू चढायचं, मिनिटभराने ग्रिड जोडला जायचा आणि थोड्याच वेळात पुन्हा कट्ट. शेवटचा टप्पा अखंड मिळत नसल्याने बीएमएसचं (बॅटरी सांभाळणाऱ्या सर्किटचं) सेल बॅलन्सिंग, म्हणजे सगळे सेल सारखे भरणं, पुरं होत नव्हतं.

ज्याला विचारावं तो म्हणे, "भाऊ, बॅटरीच खराब निघाली तुमची." मला ते पटत नव्हतं, कारण सेटिंगमध्ये एक्स्पोर्ट (ग्रिडला वीज देणं) बंद केला की तीच बॅटरी, त्याच उन्हात, शंभर टक्क्यांपर्यंत शांतपणे भरायची. उष्णतेचाही संशय घेतला. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि इन्व्हर्टर तापला की पॉवर कमी करतो, पण ती हळूहळू उतरते. मिनिटाच्या तालावर तुटणं हे उष्णतेचं लक्षण नव्हे. फॉल्टच्या यादीत तर दर वेळी एकच नोंद होती: ग्रिड ओव्हर व्होल्टेज.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०१३ च्या नियमांप्रमाणे व्होल्टेज ११० टक्क्यांच्या वर, म्हणजे २३० च्या हिशेबाने २५३ व्होल्टच्या पुढे गेलं, की इन्व्हर्टरने दोन सेकंदांत ग्रिडपासून सुटायचं असतं. नंतर किमान ६० सेकंद सगळं स्थिर दिसल्याशिवाय परत जोडायचं नाही. तो मिनिटाचा ताल इथून येत होता. आमचा इन्व्हर्टर सुटला की बॅकअप मोडमध्ये जातो, एमपीपीटी (पॅनलमधून जास्तीत जास्त वीज काढणारा भाग) पुन्हा पहिल्यापासून शोध सुरू करतो, आणि तेवढ्यात चार्जिंग पडतं.

मग व्होल्टेज चढत कुठे होतं? भर दुपारी, एक्स्पोर्ट ३ किलोवॅटच्या आसपास असताना मल्टिमीटरने दोन ठिकाणी मोजलं. मीटरजवळ २४३, इन्व्हर्टरच्या टर्मिनलवर २५३-२५४. एक्स्पोर्ट बंद केल्यावर दोन्हीकडे जवळपास सारखंच. म्हणजे दहा-अकरा व्होल्ट आमच्याच वायरमध्ये तयार होत होते.

हिशेबही जुळला. तिथे ४ चौरस मिलिमीटरची जुनी ॲल्युमिनियम वायर होती. जाऊन-येऊन १२० मीटर, रोध साधारण ०.८५ ओहम. ३ किलोवॅट म्हणजे साडेबारा अँपिअर, गुणाकार साडेदहा व्होल्ट. वीज घेताना या वायरमध्ये व्होल्टेज पडतं, तसं देताना ते आपल्या टोकाला चढतं. बॅटरी चार्जिंगला दोन किलोवॅट घेत असते तोवर बाहेर जाणारी वीज कमी असते. ती भरत आली की सगळा जोर ग्रिडकडे वळतो, आणि नेमकी तीच वेळ दुपारची, गाव वावरात गेलेलं आणि गावठाण फीडरवर लोड नसलेला. आपल्याकडच्या डीपीचं (गावातल्या ट्रान्सफॉर्मरचं) लो टेन्शनच्या बाजूचं रेटिंग ४३३ व्होल्ट असतं, म्हणजे फेज-न्यूट्रल २५०. लोड नसताना डीपीजवळच्या घराला २५३ पर्यंत फार जागाच उरत नाही.

ही जुनी वायर बदलायला उपसताना किटकॅटमध्ये (जुन्या पद्धतीच्या फ्यूजमध्ये) आणखी एक गोष्ट दिसली. न्यूट्रलच्या स्क्रूखाली ॲल्युमिनियमच्या तारा चपटून करड्या पडल्या होत्या, आणि शेजारचं काळं इन्सुलेशन नखाने दाबलं तर भुगा होऊन पडत होतं. अशा सांध्याचा रोध तापेल तसा वाढतो. आता १६ चौरस मिलिमीटरची ॲल्युमिनियम केबल टाकली, टोकांना बायमेटल लग (ॲल्युमिनियम आणि तांबं जोडणारी टोकं) क्रिम्प करून घेतले आणि किटकॅट काढून एमसीबी (आपोआप पडणारा स्विच) लावला. काम लायसन्सधारक वायरमनकडून, मीटरकडची लाइन लाइनमनने बंद केल्यावर, पॅनलचा डीसी आयसोलेटर आणि बॅटरीचा ब्रेकर पाडून. नुसता मेन पाडला तर हायब्रिडचा बॅकअप आउटपुट जिवंत राहतो, हे विसरू नका. मीटरचं सील आपण तोडायचं नाही.

तेवढ्याच एक्स्पोर्टला आता मीटर आणि इन्व्हर्टरमधला फरक अडीच-तीन व्होल्टचा येतो, आणि चार्जिंगचा आलेख शेवटपर्यंत अखंड आहे.

काही जण इन्व्हर्टरचा कंट्री कोड (देशाप्रमाणे मर्यादा ठरवणारं सेटिंग) बदलून मर्यादा २६५ व्होल्टपर्यंत नेण्याचा सल्ला देतात. कृपा करून हे करू नका. तक्रार दिसेनाशी होईल, पण वाढलेलं व्होल्टेज तुमच्याच घरातल्या फ्रिज-टीव्हीवर आणि त्याच फेजवरच्या शेजाऱ्यांवर बसेल.

त्यापेक्षा बिनखर्चाचा उपाय चार्जिंग करंटचा आहे. रात्रभरात माझी बॅटरी सत्तरेक टक्के उतरते. ४० अँपिअरवर ती दोन तासांच्या आत भरायची. १५ अँपिअर ठेवल्यावर नऊला सुरू झालेलं चार्जिंग दुपारी दोनपर्यंत पुरतं, आणि ऐन दुपारी पाऊण-एक किलोवॅट ग्रिडऐवजी बॅटरीत जातं. घरची मोटर आणि मिक्सरही मी त्याच वेळेत चालवायला सांगतो. पावसाळ्यात मात्र करंट परत वाढवावा लागेल, नाहीतर झडीच्या दिवसांत बॅटरी अर्धीच राहील.

पुढचं काम मीटरजवळच्या व्होल्टेजची आठवडाभर नोंद घेण्याचं आहे. एक्स्पोर्ट बंद असतानाही ते २४४ च्या वर सारखं दिसलं, तर आकडे जोडून वीज कार्यालयात लेखी अर्ज देणार आहे. तुमच्या डीपीवर दुपारचं व्होल्टेज किती येतं, तेही कळवा.