पॉलिश पेपरचा हिशेब

हार्डवेअरच्या दुकानात पॉलिश पेपर मागितला की दोन प्रश्न येतात. पहिला, "लाकडाला की लोखंडाला?" आणि दुसरा, "कितीचा देऊ?" हा दुसरा प्रश्न नंबराचा असतो, किमतीचा नाही. किमतीचा विषय सहसा निघतच नाही. एवढ्याशा कागदासाठी घासाघीस काय करायची, असं दोन्ही बाजूंना वाटत असतं. सागवान घेताना इंचाइंचावर वाद घालणारा माणूस पॉलिश पेपर मात्र "द्या कुठलाही" म्हणून पिशवीत टाकतो. पुढे चार संध्याकाळ खांदा दुखतो, तेव्हा दोष सागवानाला.

पुण्यात बोहरी आळीत एकाच काउंटरवर ८० नंबरचा पेपर निरनिराळ्या भावांत मिळतो. दिसायला सगळे तपकिरीच. मी पान हातात घेऊन दाण्यांची बाजू बाहेर ठेवून जरा वाकवतो आणि अंगठा दाबून फिरवतो. हलका पेपर लगेच तडकतो आणि काचेवर वाळू सांडते. दुकानदाराला ते आवडत नाही, पण तो काही बोलत नाही. त्यालाही माहीत असतं. मग पान पालथं करून पाठ बघायची. तिथे नंबर स्वच्छ छापलेला असावा, आणि त्याच्या आधी 'पी' हे अक्षर असलं तर उत्तम. म्हणजे दाणे एका ठरलेल्या मापाने निवडलेले आहेत, असा बनवणाऱ्याचा दावा असतो. तो खरा किती, हे लाकूडच सांगतं.

मोठ्या दाण्यांची निवड चाळणीने होते. एका इंचात जितकी भोकं, तितका नंबर. म्हणून नंबर वाढला की दाणा बारीक. २४० आणि त्यापुढचे दाणे मात्र चाळणीच्या आवाक्याबाहेर जातात. ते पाण्यात सोडतात आणि किती वेगाने तळाशी बसतात त्यावरून वेगळे करतात. हे सगळं नीट करायला पैसे लागतात, आणि स्वस्त पेपरमध्ये नेमकं तेच वाचवलेलं असतं. १८०च्या पानावर ८०चा एखादा दाणा चुकून आला, तर पंगतीत बसलेल्या भांडखोर पाहुण्यासारखा तो एकटा सगळ्यांची मेहनत घालवतो. गुळगुळीत फळीवर मधूनच एक लांब ओरखडा, आणि तो पॉलिश लावल्यावरच दिसणार.

दुसरी बचत चिकटवण्यात असते. जुन्या पद्धतीचा सरस घासताना तापतो, दमट हवेत सैल होतो आणि दाणा सोडून देतो. रेझिनवर बसवलेला दाणा सहसा सुटत नाही, झिजतो. झिजलेला चालतो. सुटलेला दाणा कागद आणि लाकूड यांच्यामध्ये गडगडत राहतो आणि जाईल तिथे कोरतो.

काळा वॉटर पेपर, म्हणजे पाणी लावून घासायचा, लाकडाला चालतो का, असं बरेच जण विचारतात. चालतो, पण कोऱ्या लाकडावर तो वाया घालवू नये. त्याचं खरं काम लांबी (भेगा बुजवायची पुट्टी), रंग आणि लॅकरच्या दोन हातांच्या मधलं. १९२१ साली थ्रीएम कंपनीने पाण्यात न विरघळणारा पेपर बाजारात आणला, तेव्हा गाड्या रंगवणाऱ्यांनी तो उचलून धरला, कारण ओलं घासलं की धूळ उडत नाही. सागाच्या धुळीने नाक-घसा धरतो, पण म्हणून कोरा साग ओला करून घासायचा नसतो. तिथे तपकिरी पेपर आणि तोंडाला मास्क.

आमच्याकडे काम करणाऱ्या सुतारमिस्त्रींचं एक ठरलेलं वाक्य आहे, "काका, पेपरला काम करू द्या, तुम्ही नुसता हात फिरवा." ते पानाची घडी घालून, करवतीच्या पात्याच्या कडेला धरून त्याचे चार तुकडे फाडतात आणि एकेक तुकडा लाकडी ठोकळ्याला गुंडाळतात. बोटांनी दाबून घासलं की लाकडाच्या मऊ रेषा खचतात आणि कठीण रेषा वर राहतात. आणखी एक गोष्ट ते करतात, ती मला फार आवडते. फळीवर पेन्सिलने आडव्या नागमोडी रेघा मारायच्या आणि ८०ने लाकडाच्या रेषांच्या दिशेने घासत राहायचं. सगळ्या रेघा गेल्या की पुन्हा मारायच्या आणि १२० घ्यायचा. मग १८०. प्रत्येक नंबराचं काम एकच, आधीच्या नंबराचे ओरखडे मिटवणं. म्हणून ८०वरून थेट २२०वर उडी मारणाऱ्याचा पेपर वाचत नाही, उलट २२०ची पानं ढिगाने जातात. शेवटी मोबाइलचा टॉर्च फळीला जवळजवळ टेकवून आडवा धरायचा. जे राहिलं असेल ते सावलीसकट दिसतं. २२०च्या पुढे कोरं लाकूड घासणं मला तरी हौसच वाटते. फार गुळगुळीत केलं तर लाकूड रंग कमी पितं.

माझा हिशेब असा, की पैसे ८० आणि १२०मध्ये घालावेत, कारण खरी मजुरी तिथे असते. बारीक नंबर कमी लागतात, पण घ्यायचे ते त्याच दर्जाचे. मशीनसाठी येणारे महागडे गोल पेपर हाताने घासणाऱ्याने घेऊ नयेत. आणि तुकडा कापेनासा झाला की टाकावा. हे आपल्याला जड जातं. दात पडलेल्या पेपरने जोर लावत बसायचं, वर त्याला काटकसर म्हणायचं! फेकवत नसेल तर कोयत्याचा गंज काढायला ठेवा.

पन्नासाचा गठ्ठा घेतला तर पान बरंच स्वस्त पडतं. मोह होतो. पण पावसाळ्यात पानं गुंडाळी घेतात, मग त्यांची पाठ टेबलाच्या कडेवरून ओढून सरळ करत बसा. शिवाय दमट हवेत पॉलिशवर पांढरट धुरकटपणा येतो, म्हणून त्या दिवसांत मी घासकाम काढतच नाही. दुकानदार दर जूनमध्ये गठ्ठा पुढे करतो. मी म्हणतो, "गणपतीनंतर बघू."