सिल्व्हरी बार्ब्सची डागडुजी : किंमत कुठे वाढवायची

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फाशांच्या भूमिका-खेळात सिल्व्हरी बार्ब्स या स्पेलवर (जादूमंत्रावर) सरळ बंदी घालणारे डीएम (डंजन मास्टर, म्हणजे खेळ चालवणारे) भरपूर आहेत, आणि त्यांचं चुकतं असं मी म्हणणार नाही. पण आमच्या बार्डचा, म्हणजे गायक-जादूगाराचं पात्र खेळणारीचा, तो लाडका स्पेल आहे. शिवाय त्यामागची कल्पना खरंच छान आहे : शत्रूचं लक्ष क्षणभर उडवायचं आणि तो क्षण आपल्या सोबत्याच्या पदरात टाकायचा. म्हणून बंदीऐवजी डागडुजी चालू आहे. आम्ही २०१४च्या नियमांनी खेळतो, त्यामुळे खालचं गणित त्यांचंच. २०२४चा संदर्भ जिथे येईल तिथे तसं लिहितो.

ज्यांच्या टेबलावर हा अजून आलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. २०२१च्या स्ट्रिक्सहेवन पुस्तकातला पहिल्या लेव्हलचा एन्चांटमेंट (मनावर असर करणारा) स्पेल; स्पेलची लेव्हल पात्राच्या लेव्हलहून वेगळी मोजतात. बार्ड, सॉर्सरर आणि विझार्ड या जादू करणाऱ्या वर्गांना मिळतो. ६० फुटांच्या आत, नजरेसमोर कोणी अटॅक रोल (हल्ल्याचा फासा), ॲबिलिटी चेक (कौशल्याचा) किंवा सेव्हिंग थ्रो (थोडक्यात सेव्ह, संकट टाळण्याचा) जिंकला, की रिॲक्शन (दुसऱ्याच्या कृतीवर करायची झटपट कृती) वापरून त्याला डी-ट्वेंटी (वीस बाजूंचा फासा) पुन्हा टाकायला लावायचा आणि दोन्हीतला कमी आकडा धरायचा. वर आणखी एकाला, हवं तर स्वतःलाच, मिनिटभरात येणाऱ्या पुढच्या रोलवर ॲडव्हांटेज (दोन फासे टाकून मोठा आकडा धरायचा). कंपोनंट (स्पेल टाकायला लागणारी गोष्ट) नुसता तोंडी, म्हणजे दोन्ही हात गुंतलेले असले तरी अडत नाही.

आता याची किंमत बाकीच्यांशी ताडून बघा. वाइल्ड मॅजिक सॉर्सररला सहाव्या लेव्हलला बेंडिंग लक मिळतं : रिॲक्शन आणि दोन सॉर्सरी पॉइंट (सॉर्सररचा जादूचा साठा) खर्चून समोरच्याच्या रोलमधून एक डी-फोर (चार बाजूंचा फासा) वजा करता येतो. सरासरी अडीच, म्हणजे वीस बाजूंच्या फाशावर टक्क्यांत साडेबारा. पहिल्या लेव्हलचा स्लॉट (एकदा स्पेल टाकायचा मोजका हक्क) बनवायलाही दोनच पॉइंट लागतात! त्याच किमतीत बार्ब्स निम्मी शक्यता असलेला सेव्ह ५० टक्क्यांवरून २५वर आणतो, आणि ॲडव्हांटेज वेगळाच. सॉर्सररच्या हाइटन्ड स्पेलला (समोरच्याचा सेव्ह अवघड करणाऱ्या युक्तीला) तर तीन पॉइंट पडतात आणि ते स्पेल टाकतानाच, फासा पडायच्या आधी ठरवावं लागतं. डिव्हिनेशन विझार्डचं पोर्टेंट, म्हणजे आधीच टाकून ठेवलेला फासा वापरणं, तेसुद्धा रोलच्या आधी सांगावं लागतं. बार्ब्सवाला मात्र निकाल बघतो आणि मगच खिशात हात घालतो. सेव्ह आपोआप फसला तर त्याचा स्लॉट शिल्लक.

मी डागडुजीला हात घातला तेव्हा सगळ्यात आधी ‘अटॅक रोल’ काढून टाकायचा विचार होता, कारण टेबलावर तक्रार त्याचीच जास्त व्हायची. आकडेमोड केल्यावर तो भाग निर्दोष निघाला. मॉन्स्टरला लागण्याची शक्यता ६० टक्के धरली, तर बार्ब्सने तो घाव चुकण्याची शक्यता ४० टक्के. त्याच स्लॉटमध्ये शील्ड हा स्पेल आपल्या आर्मर क्लासला (घाव लागण्यासाठी गाठायच्या आकड्याला) ५ वाढवून देतो आणि ते आपल्या पुढच्या टर्नपर्यंत टिकतं. तीन-चार घाव घालणाऱ्या मॉन्स्टरसमोर मी तरी शील्डच घेईन. बार्ब्सचा फायदा एवढाच की तो दुसऱ्याला वाचवू शकतो, आणि क्रिटिकल (फाशावर वीस पडून लागलेला जबर घाव) उलटवू शकतो. ते तसंच ठेवलंय. कमी लेव्हलला एका क्रिटिकलमध्ये रोग (Rogue, चोरट्या चालीचं पात्र) जमिनीवर जाणार असतो आणि बार्ब्स तो उलटवतो, तेव्हा टेबलावर जो गलका होतो तो मला हवा आहे.

खरा घोटाळा सेव्हमध्ये आहे. तिथे या स्पेलची किंमत कायम पहिल्या लेव्हलची राहते आणि फळ मात्र ज्या स्पेलला तो हातभार लावतो त्याच्याबरोबर वाढत जातं. पंधराव्या लेव्हलच्या विझार्डकडे आठव्या लेव्हलचा स्लॉट एकच आणि पहिल्याचे चार. त्या उंचीवर पहिल्या लेव्हलचे बहुतेक हल्ल्याचे स्पेल निरुपयोगी झालेले असतात. पण फीबलमाइंड या आठव्या लेव्हलच्या स्पेलचा सेव्ह पास झाला, की तोच कवडीमोल स्लॉट आठव्या लेव्हलचा स्लॉट बुडण्यापासून वाचवू शकतो. सेव्हची शक्यता निम्मी असेल तर दर दुसऱ्या वेळी. पार्टीत (खेळाडूंच्या टोळीत) तीन कास्टर (स्पेल टाकणारे) असतील तर शक्यता आणखी घसरते : एका बार्ब्सने २५ टक्के, दोघांनी साडेबारा, तिघांनी सव्वासहा. लेजेंडरी रेझिस्टन्सचंही (बड्या मॉन्स्टरला हरलेला सेव्ह जिंकल्यासारखा धरण्याच्या मोजक्या सवलतीचंही) तेच. ड्रॅगनने स्वतःच्या फाशावर सेव्ह जिंकलेला असतो, बार्ब्समुळे तो हरतो, आणि दिवसाच्या तीनपैकी एक रेझिस्टन्स पहिल्या लेव्हलच्या स्लॉटवर उडतो. अठराव्या लेव्हलला विझार्डने स्पेल मास्टरीत (स्लॉटशिवाय टाकायच्या निवडक स्पेलमध्ये) हाच निवडला तर स्लॉटचाही प्रश्न मिटला, दर राउंडला फुकट.

२०२४च्या नियमांनी यातलं एक दार बंद केलंय. एका टर्नमध्ये एकच स्लॉट खर्चून स्पेल टाकता येतो, म्हणजे स्वतःच्या टर्नवर होल्ड पर्सन टाकून लगेच त्याच्याच सेव्हवर बार्ब्स मारता येत नाही. नव्या स्पेल मास्टरीलाही ॲक्शन (आपल्या पाळीची मुख्य कृती) लागणारेच स्पेल चालतात. पण शेजारचा कास्टर मोकळाच असतो, त्यामुळे दोघे कास्टर एकमेकांना सांभाळून घेतात. नुसता हा नियम उसना आणून आमचं भागणार नव्हतं.

मग काय काय करून पाहिलं? दुसऱ्या लेव्हलचा करणं हा सगळ्यात सोपा उपाय, आणि मला सगळ्यात नावडता. तिसऱ्या-चौथ्या लेव्हलच्या पार्टीला तो नकोसा होतो, आणि पंधराव्या लेव्हलच्या विझार्डला काही फरक पडत नाही. जिथे दुखतंय तिथे औषध नाही. फासा पडायच्या आधी जाहीर करायची अट घातली तर बार्डने तो घेणंच सोडलं. साहजिक आहे, आधी जाहीर करायचं असेल तर निम्म्या वेळा स्लॉट वायाच जाणार. रीरोलऐवजी डी-सिक्स वजा करणं कागदावर उत्तम दिसलं. टेबलावर त्याला चव नव्हती. पुन्हा पडणारा फासा सगळे वाकून बघतात, वजाबाकी कोणी बघत नाही.

एक प्रयोग मात्र भलताच उपयोगी ठरला. मी एका शत्रू जादूगाराला मूळ बार्ब्स दिला. फायटरने नॅचरल ट्वेंटी टाकला, टेबल ओरडलं, आणि मी म्हटलं, ‘पुन्हा टाक.’ त्यानंतर बदलाला विरोध करणारं कोणी उरलं नाही. कुठलाही स्पेल तोलायचा असेल तर एकदा खेळाडूंच्या अंगावर सोडून बघा; चर्चेत जे पटत नाही ते तिथे पटतं.

सध्या चालू असलेली आवृत्ती अशी आहे. अटॅक रोल आणि चेकसाठी पहिल्या लेव्हलचा स्लॉट पुरतो. सेव्ह एखाद्या स्पेलविरुद्ध असेल, तर बार्ब्सचा स्लॉट त्या स्पेलच्या निम्म्या लेव्हलचा तरी हवा, अपूर्णांक आला तर वरचा. तो स्पेल ज्या स्लॉटने टाकला ती लेव्हल मोजायची, पुस्तकातली मूळ लेव्हल नाही. म्हणजे होल्ड पर्सनला पहिला, बॅनिशमेंटला दुसरा, होल्ड मॉन्स्टरला तिसरा, फीबलमाइंडला चौथा. कॅन्ट्रिपला (स्लॉट न लागणाऱ्या स्पेलला) आणि मंकच्या स्टनिंग स्ट्राइकसारख्या, स्पेल नसलेल्या गोष्टींना पहिलाच. एका फाशावर एकच बार्ब्स, पार्टीत कास्टर कितीही असोत. लेजेंडरी रेझिस्टन्सने मिळवलेलं यश हा रोल धरायचा नाही, त्यावर बार्ब्स नाही. स्पेल मास्टरीची अट तेवढी २०२४मधून जशीच्या तशी उचलली.

ॲडव्हांटेजवर सगळ्यात जास्त वाद झाला. मूळ स्पेल रीरोल फसला तरी ॲडव्हांटेज देतो आणि जमला तरी देतो, त्यामुळे स्लॉट कधीच पूर्ण वाया जात नाही. सॉर्सरर खेळणाऱ्याचं म्हणणं, ते काढूनच टाका. मी मधला मार्ग घेतला : रीरोलनंतरही समोरचा यशस्वीच राहिला, तरच ॲडव्हांटेज. शत्रू पडला तर ते बक्षीस पुरेसं आहे, वर दुसरं कशाला? नाही पडला तर निदान पुढच्याला धक्का मिळतो. याचा एक अनपेक्षित फायदा झाला. आता बार्ड फसलेल्या बार्ब्सनंतर कोणाला ॲडव्हांटेज द्यायचा हे मन लावून ठरवते. आधी ते घाईत रोगच्या नावावर जायचं.

खेळाच्या वेगाबद्दल एक. दर यशस्वी रोलला ‘थांब, थांब’ सुरू व्हायचं, ते नियमाने सुटणारं नव्हतं. ज्याची रिॲक्शन शिल्लक आहे त्याने समोर एक टोकन ठेवायचं. मी फक्त टोकनवाल्याकडे बघतो, तो मान हलवतो, खेळ पुढे. नियमांत बसत नाही, पण सगळ्यात जास्त वेळ यानेच वाचवला.

परिणाम म्हणाल, तर खालच्या लेव्हलला स्पेल जवळपास पूर्वीसारखाच वापरला जातो, आणि मला तेच हवं होतं. वरच्या लेव्हलच्या एका वेगळ्या लढाईत विझार्डने डॉमिनेट मॉन्स्टर या आठव्या लेव्हलच्या स्पेलच्या सेव्हवर बार्ब्ससाठी चौथ्या लेव्हलचा स्लॉट लावायचा की तो पॉलिमॉर्फसाठी राखायचा, यावर बराच विचार केला आणि शेवटी राखला. पूर्वी तिथे विचार करण्यासारखं काहीच नव्हतं.

पुढची तपासणी फे टच्ड या फीटची (पात्राला घेता येणाऱ्या जादा गुणाची). त्यातून पहिल्या लेव्हलचा एन्चांटमेंट स्पेल कोणालाही मिळतो आणि लाँग रेस्टमागे (रात्रभराच्या विश्रांतीमागे) एकदा फुकट टाकता येतो, म्हणजे फायटरच्या हातीही बार्ब्स येऊ शकतो. आमच्या नियमाने तो फुकटचा प्रयोग पहिल्या लेव्हलचा धरला जाईल, तेव्हा तिसऱ्या लेव्हलच्या आणि वरच्या स्पेलच्या सेव्हवर तो चालणार नाही. फायटरला ते चालेल असं वाटतंय, त्याला तो क्रिटिकल उलटवायलाच हवा असतो. विझार्डने हीच फीट घेतली तर त्या फुकटच्या प्रयोगाला वरचा स्लॉट जोडू द्यायचा का, ते अजून ठरलेलं नाही. माझा कल ‘नाही’कडे आहे. कोणी हे टेबलावर चालवून पाहिलं असेल तर आकडे जरूर कळवा.