इन्स्टॉलेशन पूर्ण झाले

जून २०२३. शाळा सुरू व्हायला दोन दिवस उरले होते. कोरेगाव तालुक्यातल्या एका शाळेला कुठल्याशा कंपनीनं वापरून झालेले बारा डेस्कटॉप दिले होते, डिस्क पुसून. त्यांवर डेबियन, म्हणजे विंडोजऐवजी चालणारी मोफत लिनक्स सिस्टिम, टाकून द्यायचं काम माझ्याकडं आलं. डेबियन १२ म्हणजे बुकवर्म येऊन तीनच दिवस झाले होते. नावाचा अर्थ सांगितला तेव्हा मुख्याध्यापकबाई म्हणाल्या, "पुस्तकी किडा? मग शाळेत शोभतंय की!"

मी निर्धास्त होतो. एरवी जीव खायचं ते वायफायचं फर्मवेअर, म्हणजे वायफायची चिप चालवणारं तिचं छोटं सॉफ्टवेअर. ते मुक्त नाही (त्याचा कोड खुला नाही) म्हणून डेबियनच्या अधिकृत आयएसओत, म्हणजे इन्स्टॉल करायच्या फाइलीत, नसायचं, दुसऱ्या पेनड्राइव्हवर घेऊन हिंडावं लागायचं. २०२२च्या ऑक्टोबरात डेबियनवाल्यांनी मतदान करून हे धोरण बदललं आणि बुकवर्मच्या आयएसओत फर्मवेअर आलं. पहिल्या मशीनला वायफाय आपसूक लागलं, तेव्हाच मी मनानं दुपारच्या एसटीत बसलो होतो.

बाईंच्या हट्टानं इन्स्टॉलरची भाषा मराठी ठेवली. (ती फक्त ग्राफिकल इन्स्टॉलरमध्ये मिळते.) सात मशीनं सुरळीत झाली. उरलेली पाच दुसऱ्या कंपनीची. तीही शेवटपर्यंत गेली, इन्स्टॉलेशन पूर्ण झाल्याचा निरोप आला, पेनड्राइव्ह काढला, रीस्टार्ट केलं, आणि काळ्या पडद्यावर एक ओळ: बूट करण्याजोगं काही सापडलं नाही.

पेनड्राइव्हवर संशय घेतला, दुसरा तयार केला, पुन्हा टाकलं. तेच. सिक्युअर बूट (सही नसलेलं काही सुरू होऊ न देणारा पहारा) बंद करून पुन्हा. तेच. शिपाईमामा चहा ठेवून गेले. बाई दारातून म्हणाल्या, "फुकटचं आहे म्हणून असेल का हो?"

हे लागलं. इतकं, की चहा तसाच राहिला.

मग त्या मशीनच्या बूट मेनूत 'फाइल निवडून बूट करा' असा एक पर्याय दिसला. डिस्कवरचा, सुरू होण्याच्या फाइली ठेवायचा ईएफआय विभाग उघडला, त्यात डेबियनचा फोल्डर, त्यात बूटलोडर, सिस्टिम उठवणारा प्रोग्राम. एंटर मारला आणि डेबियन लखलखीत उभं राहिलं! म्हणजे सगळं जागच्या जागी होतं. मदरबोर्डचं यूईएफआय, म्हणजे मशीन चालू होताच आधी जागं होणारं सॉफ्टवेअर, तिकडं बघतच नव्हतं.

आत शिरून बूट नोंदींची यादी काढली. इन्स्टॉलरनं 'डेबियन' ही नोंद केलेली, क्रमही पहिला. या यूईएफआयनं ती मुकाट लिहून घेतली होती आणि सुरू होताना मात्र खुशाल डावलत होतं. त्याला दोनच पत्ते ठाऊक असावेत: एक विंडोजच्या बूटलोडरचा, दुसरा पेनड्राइव्हसारख्या काढत्याघालत्या उपकरणांसाठी ठरवलेला, ईएफआयमधल्या बूट फोल्डरातला. कारखान्यात विंडोज चाललं की मशीन पास. बाकीचं कोण तपासतो?

डेबियनला ही खोड जुनीच माहीत आहे. इन्स्टॉलरच्या रेस्क्यू (दुरुस्तीच्या) मोडमध्ये त्यावर सोय आहे: ग्रबची, म्हणजे डेबियनच्या बूटलोडरची, एक प्रत त्या दुसऱ्या पत्त्यावरही जबरदस्तीनं ठेवायची. बुकवर्म आपणहून असं करत नव्हतं, कारण शेजारी दुसरी सिस्टिम असेल तर तिथली तिची फाइल पुसली जाईल. इथं डिस्क कोऱ्याच होत्या, कुणाच्या पोटावर पाय येणार नव्हता. रेस्क्यूला मात्र मी इंग्रजी निवडली. अडल्यावर मराठीतला एरर कुठं शोधणार?

पहिलं मशीन पाच मिनिटांत उठलं. पाचही झाल्यावर प्रत्येकात ग्रबचं पॅकेज पुन्हा कॉन्फिगर करून तोच पर्याय कायमचा 'हो' केला. नाहीतर पुढच्या अपडेटला मूळची फाइल नवी आणि ही प्रत जुनी राहिली असती, आणि मला पुन्हा बोलावणं आलं असतं.

साडेसात वाजले होते. बाई केव्हाच गेल्या होत्या. बाराही पडदे एका रांगेत उजळलेले पाहायला होते फक्त मामा, किल्ल्या वाजवत. "लाइट चालूच ठेवायचेत का रात्रभर?" त्यांनी विचारलं.

शेवटची एसटी पावणेसातची होती.